बाणाप्रमाणे

मंगळवार, १२ मार्च

ताई,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त कुरकुरतं, तेव्हा तब्येत ठणठणीत आहे म्हणायची. माझं इस्पितळातलं काम चालू आहे. कपड्यांच्या खोलीत मी आणि अजून एक बाई, दिवसभर चादरींच्या कडा आणि उशांचे अभ्रे. चादर उलटी शिवली काय नि सुलटी शिवली काय, पेशंटला फरक पडत नाही. बारा वर्षांत एकानेही तक्रार केलेली नाही.

पाकिटावरचं अक्षर मी ओळखलं नाही. आत वाचलं तेव्हा कळलं, उजव्या हाताची बोटं बधिर झालीत आणि तू डाव्याने लिहायला शिकते आहेस. दोन पानं डाव्या हाताने लिहायची म्हणजे तुला दोन दिवस तरी लागले असतील. मला वाईट वाटलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात ते कुठे दिसेलच असं नाही.

आता तुझं ते वाक्य. ‘झालं गेलं मनातून काढून टाकलं आहे, मी तुला माफ केलं आहे.’ मी ते ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तिने तुला? का तू तिला?” मी म्हटलं, तिने मला. मग ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

तुझ्या हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात सगळ्यांना यादी करायला लावली म्हणे, ज्यांच्यावर राग आहे त्यांची. तुझ्या यादीत मी तिसरी. पहिले दोघं कोण ते तू लिहिलं नाहीस. एक तो नळवाला असणार, शिवणाच्या दुकानाची भिंत ओली करून गेला होता तो. म्हणजे नळवाल्याला माफ करून झाल्यावर तू माझ्याकडे वळलीस.

माफी कशाबद्दल, तेही लिहिलं आहेस. ‘तो पडदा बिघडवल्याबद्दल.’ मग तो पडदा एकदा आठवू या, तुझी हरकत नसेल तर. असली तरी आठवू या.

नाट्यगृहाचा पडदा. गडद लाल मखमल, चौदा पट्टे, आपल्या दुकानाला मिळालेलं सगळ्यात मोठं काम. तू कापायचीस, मी जोडायची. मखमलीची लव सगळ्या पट्ट्यांत एकाच दिशेला हवी, नाहीतर दिव्याखाली एक पट्टा वेगळ्याच रंगाचा दिसतो. हे आईने आपल्याला मुळाक्षरांच्या आधी शिकवलं होतं. डोळे मिटायचे आणि पालथा हात फिरवायचा, लव कुठे झुकते ते हाताला कळतं. तू प्रत्येक पट्ट्याच्या मागे निळ्या खडूने बाण काढायचीस, टोक वरच्या बाजूला. मी त्या बाणाप्रमाणे जोडायची. मग अस्तर लागायचं आणि बाण कायमचे आत जायचे.

दिव्यांची चाचणी झाली त्या दुपारी मॅनेजर होता, दिवेवाला होता, शिडीवर दोघं होते. दिवे लागले आणि पाचवा पट्टा फिकट दिसला, धुऊन विटलेल्या कपड्यासारखा. कोणी काही बोलायच्या आत तू बोललीस. “माझ्या बहिणीला लव कळत नाही. आईने दोघींना शिकवलं, पण हिच्या हातात ते नाहीच.” मॅनेजर हसला. शिडीवरचे दोघंही हसले.

तसली मखमल पुन्हा मिळेना, पहिला प्रयोग चार दिवसांवर आलेला. पाचवा पट्टा चुण्यांत दडवून पडदा तसाच टांगला. तुझं वाक्य मात्र कुठे दडवता आलं नाही. बटणवालासुद्धा मला विचारायचा, “काय, कळायला लागली का लव?” आठवडाभरात मी दुकान सोडलं. आई म्हणाली, “थोरली आहे, बोलली असेल.” दोन वर्षांनी आई गेली तेव्हा आपण एकाच खोलीत होतो, आणि मला चहा हवा का हे तू तुझ्या लेकीकरवी विचारलंस. मीही तिलाच सांगितलं, नको म्हणून. घशाला कोरड पडली होती.

पत्राच्या शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तसं तू लिहिलं आहेस की नाट्यगृहाने नवा पडदा घेतला आणि जुना तुझ्या दुकानात पाठवून दिला. येत्या सोमवारी लेक अस्तर उसवणार, बऱ्या मखमलीची बैठकीची आवरणं करणार. मी तेवढाच भाग दहा वेळा वाचला.

पाचव्या पट्ट्यावरचा बाण उलटा आहे, ताई. तो तू काढलेला आहे. तोंडात टाचण्या धरून, रेडिओ ऐकत, घाईत काढलास. ह्या सोमवारची मी बारा वर्षं वाट बघितली आहे. कधीतरी कोणीतरी ते अस्तर उसवेल, तुला तुझा बाण दिसेल आणि तू मटकन खुर्चीत बसशील. चादरी शिवता शिवता मी हे इतक्यांदा डोळ्यांपुढे आणलं आहे की तुझ्या खुर्चीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला आहे.

तर ही तुझी माफी. आता तिचं काय करायचं ते तू ठरव.

बुधवार, दुपार

काल पत्र तिथेच संपवलं होतं. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, सकाळी पर्समध्ये टाकून कामावर आणलं. आत्ता जेवणाच्या सुट्टीत फोडलं आहे. बरोबरची बाई म्हणाली, “काही राहिलं का लिहायचं?” मी म्हटलं, हो, थोडं राहिलं.

दुसरा पट्टा जोडताना मी तुला विचारलं होतं, ताई, हा बाण एकदा बघतेस का. तू मान वर केली नाहीस. “बाण काढलाय ना मी? मग बाणाप्रमाणे शिवायचं. डोकं चालवायचं नाही.” दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्या वेळी तुझा बाण बरोबर होता आणि मीच चुकत होते, त्यामुळे जास्तच झोंबलं.

पाचव्या पट्ट्यावर हात फिरवला आणि लव उलटी लागली. शंका म्हणून पुन्हा फिरवला, डोळे मिटून. माझ्या हाताला कळलं होतं, ताई. पहिल्याच वेळी कळलं होतं. तू सहा फुटांवर होतीस. एक हाक मारली असती तर तू बघितलं असतंस, चिडली असतीस आणि बाण पुसून नीट काढला असतास. मी मनात म्हटलं, बरं, बाणाप्रमाणे. आणि मशीन चालू केलं. ती शिलाई इतकी सरळ आली की तशी मला पुन्हा कधी जमली नाही.

तुझी फजिती व्हावी म्हणून मी ते केलं. सगळ्यांसमोर व्हावी म्हणून. पण तू आधी बोललीस आणि फजिती माझी झाली. तेव्हा मी म्हणू शकले असते, अस्तर उसवा, बाण बघा. नाही म्हटलं, कारण पुढचा प्रश्न तू विचारलाच असतास, हाताला कळलं नाही का तुझ्या? कळलं नाही म्हणावं तर तू बोललीस ते खरं. कळलं म्हणावं तर मी मुद्दाम केलं. म्हणून गप्प बसले, आणि पुढे बारा वर्षं अन्याय झालेली बहीण म्हणून वावरले. ह्यांनाही हे ठाऊक नाही.

सोमवारी तो बाण बघून तुला आधी लाज वाटेल. मग तू विचार करशील आणि सगळं तुझ्या लक्षात येईल, तेवढी तू हुशार आहेस. ते तुला अस्तराकडून कळू नये.

तू मला चुकीच्या गोष्टीसाठी माफ केलं आहेस, म्हणून ती माफी परत पाठवते आहे. आणि मी तुला माफ केलं का? नाही. ‘आईने दोघींना शिकवलं’ हे मला अजून गिळता येत नाही. आईला तू त्यात ओढायला नको होतंस. पण जो राग मी तुझ्यावर म्हणून बाळगला, त्यातला बराचसा माझ्यावरचाच होता आणि तुझ्या नावावर खपवला. तेवढा आज काढून घेते. राहिलेला तुझ्यावरचाच आहे आणि तो मला खरोखर नकोसा झाला आहे, पण माझ्याने एकटीने टाकवत नाही.

हे आत्ता पेटीत टाकलं की शुक्रवारपर्यंत पोचेल. उत्तराची घाई करू नकोस, हाताला त्रास होईल.

जिने तेव्हा तुला हाक मारली नाही, ती

तुझी धाकटी