नव्वद किलोमीटरवरची लहर

॥ श्री ॥

नगर,
धनत्रयोदशी, शुक्रवार, ८ नोव्हेंबर १९९६

चि. तुषारराव यांस मच्छिंद्र यांचे आशीर्वाद, आणि तुमच्या सासूबाई राहीबाईंचेही.

इकडे सर्व ठीक. आकाशकंदील टांगताना स्टुलावरून पडलो, डावा पाय प्लास्टरमध्ये आहे, एवढंच. राहीबाईचा फराळ करून झाला. जयमालाची प्रकृती उत्तम आहे. सध्या ती संगमनेरला माधुरीकडे, म्हणजे तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे गेली आहे.

तुमचं पत्र पोचलं. लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावई दिवाळसणाला येणार, म्हणून मी सफारीचं कापड आणून ठेवलं. आणि तुम्ही कळवता की अमावास्येच्या मागेपुढे डोंगर सोडता येणार नाही, पौर्णिमेला येतो. तुषारराव, पौर्णिमेला दिवाळी नसते. पाडव्याला जयमालानं ओवाळायचं कुणाला, हेही त्याच पत्रात लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

मी एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून उभी हयात काढली. तिकीट असलेला माणूस तिकीट दाखवतो. नसलेला गोष्ट सांगतो. गणपतीत आला होतात तेव्हा तुम्ही मला गोष्टच सांगितलीत. म्हणे वारा सह्याद्रीला आपटतो, हवा वर ढकलली जाते, स्वतःच्या वजनानं खाली येते, पुन्हा वर जाते, आणि अशी लहर उठते. ती चढत जाते. वर हवा विरळ, म्हणून लहर मोठी मोठी होते, आणि नव्वद किलोमीटरच्या आसपास फुटते. फुटली की तिथल्या वाऱ्याला धक्का बसतो, त्याची दिशासुद्धा बदलते. मी म्हणालो, लहर माणसाला येते, हवेला कशी येईल? तुम्ही हसलात. मी हसण्यासाठी विचारलं नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात, ध्रुवाकडे त्या उंचीवर उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा जास्त थंडी असते, आणि तीही या लहरींमुळेच. त्या वाक्याला माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. उन्हाळ्यात जास्त थंडी, असं सांगणाऱ्या माणसाला मी मुलगी दिली आहे, हे मला त्या रात्री झोपू देईना.

पावसाळाभर जयमाला पुण्यात तुमच्याजवळ होती. आभाळ मोकळं झालं तसं तुम्ही तिला आमच्याकडे सोडलंत आणि कॅमेरा घेऊन त्या लहरींचे फोटो काढायला संगमनेरपलीकडे अकोले तालुक्यातल्या डोंगरात गेलात. नव्वद किलोमीटरवरच्या हवेला स्वतःचा अगदी मंद उजेड असतो, त्यात लहरींचे पट्टे दिसतात, चंद्र असला की दिसत नाहीत, असं तुमचं म्हणणं. म्हणजे चांदण्यात जावई घरी आणि अंधाऱ्या पंधरवड्यात बेपत्ता. गल्लीत लोक विचारतात. मी काय सांगू?

वर हवा विरळ तशी लहर मोठी, असं तुम्हीच म्हणालात. इथे तुमची पत्रं विरळ होत गेली.

त्यात आमचा गोरक्ष. तुमच्या डोंगराखाली मुक्कामी जाणाऱ्या गाडीचा तो ड्रायव्हर. सोमवारी येऊन म्हणाला, "मामा, लई अंधार ठिवत्यात तिथं. खिडक्यांना काळं कागुद लावलंय. आन् आतनं बाईमाणसाचा आवाज येतो."

राहीबाई म्हणाली, "रेडू आसंल. तुमी पोरीपुढं काय बोलू नका."

मी बोललो. जेवताना, जयमालाच्या देखत म्हणालो की तुमचं तिथं दुसरं बिऱ्हाड असणार. ती उठली नाही, रडलीही नाही. पानातलं सगळं संपवलं. मग विचारलं, "अण्णा, तुम्हाला त्यांचं काहीच खरं वाटत नाही का?"

मी म्हणालो, "नाही."

बुधवारी सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. आईला सांगितलं की माधुरीकडे जाते. काल दोघांच्या आधारानं मी बूथवर जाऊन संगमनेरला फोन लावला. माधुरीकडे ती गेलेलीच नाही. प्रकृती उत्तम आहे असं वर लिहिलं, ती असावी, एवढंच मी म्हणू शकतो. या पायानं मला जिन्याखाली उतरायलाही दोन माणसं लागतात, तुमच्या डोंगराखाली फोन नाही, आणि बुधवारी गोरक्ष नेमका सुट्टीवर होता, त्यामुळे ती त्याच्या गाडीनं तिकडे आली का, तेही कळायला मार्ग नाही.

ती तुमच्यावर विश्वास ठेवून गेली की माझ्यावर, हे मला कळत नाही. तुमच्यावर ठेवून गेली असेल तर एव्हाना तुमच्याकडे पोचली असेल. माझ्यावर ठेवून गेली असेल तर ती तुमच्याकडे येणार नाही, आणि मग कुठे गेली असेल, याचा विचार माझ्यानं करवत नाही. राहीबाईला आज एवढंच सापडलं की अनारशांचा डबा जागेवर नाही. आमच्या घरात अनारसे कोणी खात नाही. ते तुमच्यासाठी केले होते. सकाळपासून आम्ही दोघं त्या एका गोष्टीवर बसून आहोत.

तुषारराव, मी जन्मभर समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चाललो आणि पुष्कळदा माझंच बरोबर निघालं. आज देवापुढे दिवा लावून मागितलं की या खेपेला माझं चुकू दे. तो आवाज रेडिओचाच असू दे. तो डोंगर, ती काळ्या कागदाची खोली, उन्हाळ्यातली थंडी, नव्वद किलोमीटरवर फुटणारी लहर, सगळं शब्दन् शब्द खरं असू दे. कारण ते खरं असेल तरच माझी पोर तिथे असेल.

पत्र गोरक्षच्या हाती देतो आहे. गाडी उद्या पहाटे तिथून परत निघते. तिला परत पाठवू नका, दिवाळी तिथेच करा, मला काही विचारायचं नाही. फक्त ती आहे, एवढं लिहून त्याच्याजवळ द्या.

वाट पाहणारा,
जयमालाचा बाप
मच्छिंद्र