पुढच्या दारावरचं घरटं

सोलापूर,
२२ एप्रिल २०२५

चि. सौ. चेतना,

'अनेक आशीर्वाद' लिहायला घेतलं आणि हात थांबला. का थांबला ते पुढे येईलच. आधी खुशाली. मी बरी आहे, गुडघे आपले कुरकुरतात. ऊन बेचाळीसच्या वर गेलंय. शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, विरेशला आवडते म्हणून. तुला आवडते की नाही, हे सुनेला इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही बघ.

तू माझ्याशी फोनवर बोलत नाहीस, म्हणून हा कागद. मी तुझ्या जागी असते तर मीही बोलले नसते.

आपल्या शेजारच्या जमीलाचं सांगते. तिच्या बैठकीतल्या पंख्याच्या वाटीत चिमणीनं घरटं केलंय. पंधरा दिवस बाईनं पंखा लावलेला नाही. कुणी चुकून लावू नये म्हणून बटणावर चिकटपट्टी मारलीय. सोलापूरच्या एप्रिलात! मी म्हटलं, "अगं, काठीनं ढकल की खाली. दुसरीकडं बांधतील." तर म्हणाली, "आवो काकू, अंडी हायत की तितं. आमी बसतो लिंबाखाली. आमाला काय हुतंय?"

घरी आले आणि ओट्याशी उभी राहून रडले. तव्यावरची भाकरी करपली.

विरेश सांगत होता, तिकडच्या त्या रॉबिन पक्ष्यांसाठी तू किती खटपट करतेस. घरटं बांधावं म्हणून दारावर फळी ठोकलीस, पसरट ताटात पाणी ठेवतेस, बेरीचं झुडूप लावलंस. गांडुळं राहावीत म्हणून गवतावर औषध मारत नाहीस, आणि घरट्याला लागेल म्हणून कोपऱ्यात चिखल भिजवून ठेवतेस. मी तिकडे परदेशी आले होते तेव्हा त्यांच्यासाठी अंगणात मूठभर ज्वारी टाकली होती, आठवतं? तू पोट धरून हसलीस. "आई, तो दाणे नाही खात, गांडुळं आणि फळं खातो." तो तांबड्या छातीचा पक्षी दोन पावलं पळायचा, थांबायचा आणि मान वाकडी करून जमिनीकडे बघायचा, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. आपण दोघी एकत्र हसलो ते बहुतेक तेव्हाच.

विरेश म्हणाला, ते येतात, पाणी पितात, चिखल नेतात, पण फळीवर बांधत नाहीत. आणि तू म्हणतेस, "माझ्या हाताखाली काही जगत नाही." मूलही नको म्हणतेस ते याच्यामुळेच.

चेतना, दोन वर्षांपूर्वीचं तुझ्या पुढच्या दारावरचं ते घरटं मी पाडलं.

खारीनं नाही. काठीला आरसा बांधून तू अंडी बघायचीस, त्यानं तर नाहीच नाही. तुझी पाचव्या महिन्यातली ओटी भरायची होती, बायका येणार होत्या, उंबऱ्यावर काड्या आणि घाण पडलेली, मला रांगोळी काढायची होती. हे कारण मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं कारण वेगळं. पक्षीण बिचकून उठू नये म्हणून तू पुढचं दार बंद ठेवलंस आणि मला गॅरेजमधून ये-जा करायला लावलीस. लेकाच्या घरी पहिल्यांदा आलेली मी, सासू, आणि एका पाखरासाठी गॅरेजमधून! ते माझ्या डोक्यात बसलं. तू डॉक्टरकडे गेलीस त्या सकाळी झाडूच्या दांड्यानं दारावरच्या दिव्यामागून ते पाडलं. आत तीन निळी अंडी आहेत हे मला माहीत होतं. तूच मोबाइलवर दाखवली होतीस. वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकलं, उंबरा धुतला आणि तू आल्यावर म्हणाले, "खार असेल गं."

तू म्हणालीस, "मीच सारखी बघायचे, मीच घाबरवलं असेल तिला." मी गप्प बसले.

दहाव्या दिवशी तुझ्या पोटातलं बाळ गेलं. यात कुणाचाच दोष नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. माझंही नातवंड होतं ते. शिवून नेलेली दुपटी तशीच परत आणली, ती अजून कपाटात आहेत. पण दुःख मला सोसेना आणि मी ते तुझ्यावर काढलं. "मुक्या जिवाचं घर मोडलंस, त्याची हाय लागली." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. तू हातातला चहाचा कप बेसिनमध्ये ठेवलास आणि वर गेलीस. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

आणखी एक राहिलं, आणि ते मला सगळ्यांत जास्त टोचतं. घरटं पाडल्यावर दोन दिवस ती पक्षीण दारासमोरच्या कठड्यावर येऊन बसायची. मी आतून काचेतून बघायचे. तिसऱ्या दिवशी ती चोचीत चिखल घेऊन समोरच्या घराच्या वळचणीला गेली. तिनं पुन्हा बांधलं, चेतना. जूनमध्ये तिथं पिल्लं चोची वासून ओरडत होती. तू तेव्हा वरच्या खोलीत पडदे ओढून पडलेली असायचीस. तुला एकदा खिडकीशी आणून बोट दाखवायचं होतं, एवढंच. मी नाही दाखवलं. दाखवलं असतं तर तू विचारलं असतंस, मग पहिलं कुणी मोडलं?

विरेशला मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्याला हे पत्र दाखव किंवा फाडून टाक. क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, मला ठाऊक आहे, आणि मला ती तुझ्याकडून उकळायची नाही. एवढंच मनाशी पक्कं धर, की तुझ्या हाताखाली काहीही मेलेलं नाही.

काल जमीलाच्या पंख्यात पिल्लं निघाली. तिनं मला मुद्दाम बोलावून दाखवली.

कधी बोलावलंस, तर गॅरेजच्या दारानं येईन.

गोदावरी