सेफ्टीसाठी आणखी एक

दि. ६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना बाबांना धाप लागते आणि तुझा आवाज ऐकला की ते गप्पही बसत नाहीत, म्हणून आपण पत्रांवर आलो ते बरंच झालं. निदान माझं बोलणं तुला मध्येच तोडता येत नाही.

बातमी अशी, की मला गाणं मिळालं! कोरसच्या मागच्या रांगेत उभं राहून नुसतं आ-ऊ करायचं नाही. अख्खं गाणं, एकटीचं. सिनेमा छोटा आहे, पण संगीतकार कानाचे फार पक्के. बाबांना सोडून मला स्टुडिओत येऊन राहता येणार नाही हे मी त्यांना सांगून टाकलं. पण ते म्हणाले, की मग घरीच रेकॉर्ड करून पाठव, वाद्यं तयारच आहेत, मला फक्त स्वच्छ आवाज हवा.

हा 'स्वच्छ' तेव्हापासून डोक्यात घण घालतोय. बाहेरच्या खोलीखाली दुचाकींचं गॅरेज आहे, तिथे दिवसभर ठोकाठोक. घरात शांत खोली एकच, ती बाबांची. स्टुडिओत गाणाऱ्यासाठी वेगळी बंद खोली असते. इथे मी कोपऱ्यात दोरी बांधून तिच्यावर रजया टाकल्या, भिंतीला गादी उभी केली आणि कपडे आवाज पितात म्हणून कपाटाची दारं सताड उघडली. 'प' आणि 'फ' म्हणताना माइकवर फुंकर बसू नये म्हणून भरतकामाच्या रिंगवर तुझा जुना पायमोजा ताणलाय. (धुतला आहे.) बाबा म्हणाले, की एवढ्या पसाऱ्यात भोंगा हरवला तर शोधायचा कुठे?

आता खरी अडचण. बाबांचं ऑक्सिजनचं यंत्र सारखं घूं घूं करतं आणि मध्येच फुस्स. आपल्या कानांना सवय झालीय, माइकला नाही. तो आवाज कॉम्प्युटरवर पुसून पाहिला, तर मी हंड्यात तोंड घालून गातेय असं वाटतं. म्हणून ठरवलंय, की वीज गेली तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला छोटा सिलिंडर गाण्यापुरता लावायचा. तो नुसता बारीक सुसू करतो. डॉक्टरांना विचारलं, ते चालेल म्हणाले.

भीती वाटते गं. गाण्याची, का बाबांची, ते कळत नाही.

तुझ्या रागाचीही सवय झालेली,
भोंगा


दि. १२ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी नाचले आणि मग जीव टांगणीला लागला. तू पाळण्यात असताना तुझं रडणं तीन घरं सोडून ऐकू जायचं, त्यावरून बाबांनी तुझं नाव भोंगा ठेवलं. आता तो भोंगा लोक तिकीट काढून ऐकणार! यांनी शेजाऱ्यांना सांगूनही टाकलं.

आता काळजीचं. तू डोळे मिटून, कानांवर हेडफोन लावून, रजईच्या आड गाणार. मग सिलिंडरचा काटा कोण बघणार? बाबांना काही लागलं तर तुला कळणार कसं? त्यांच्या हाताशी घंटा ठेव, तीही चांगली खणखणीत. ज्या माणसाच्या एका 'सावधान'ला शाळेचं अख्खं मैदान ताठ व्हायचं, त्याला आज पाणी मागायलासुद्धा श्वास जुळवावा लागतो, हे मी लांबून फक्त वाचते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

या महिन्यात येणार होते, पण शाळेच्या परीक्षा आल्या आणि धाकट्याला ताप. पुढच्या महिन्यात नक्की बघते. घंटा मात्र विसरू नकोस.

माया आहेच, वर थोडी दमदाटी,
ताई


दि. १७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

घंटा आणली. वाजवून बघताना बाबांनी खालच्या मेकॅनिकला वर यायला लावलं, इतकी खणखणीत आहे.

आज तालीम केली. गाणं मधे अगदी हळू होतं, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं, आणि मला सगळी धास्ती तिथलीच. तेवढा भाग आज बरा गेला. खुशीत रजई बाजूला केली, तर बाबा तोंडावर उशी दाबून बसलेले, चेहरा लालबुंद. खोकला आला होता, आणि कडवं संपेपर्यंत त्यांनी तो दाबून धरला. मी चिडले. म्हटलं, खोकला आला तर खोकायचं, मी पुन्हा गाईन, गाणं काही पळून जात नाही. त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. ती मान मला पटली नाही.

उद्या दुपारी गॅरेज बंद असतं, तेव्हा करून टाकते. एकदाचं होऊन जाऊ दे.

उद्याच्या तयारीत,
भोंगा


दि. २४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा काल घरी आले. दवाखान्यातून फोनवर तुला मी नुसतं रडून दाखवलं. तू येऊ का विचारलंस, मी नको म्हटलं. काय झालं ते आज नीट लिहिते.

त्या दुपारी सगळं जुळून आलं होतं. सिलिंडर भरलेला आहे हे मी बघितलं होतं. आधी दोन-तीनदा गायले, कुठे शब्द निसटला, कुठे श्वास ऐकू आला. मग एकदा असं गायले, की संपल्यावर माझ्याच अंगावर काटा आला. रजईआडून बाबांना विचारलं, की ठीक आहात ना. ते म्हणाले, की झकास. तिथे थांबायचं होतं. पण संगीतकारांनी बजावलं होतं, की चांगलं झालं तरी सेफ्टीसाठी आणखी एक करायचं. म्हणून मी आणखी एक केलं.

ते आधीपेक्षाही सुंदर झालं, ताई. हळू भागात तर खोली इतकी शांत होती, की मला माझ्या ओठांची हालचाल ऐकू येत होती. संपल्यावर लगेच ते लावून ऐकलं. किती स्वच्छ आलंय म्हणून हरखले. आणि मग हेडफोन कानांवर घट्ट दाबले. सिलिंडरची ती सुसू त्यात नव्हतीच.

रजई ओढली, तर बाबा भिंतीला टेकलेले, ओठ निळे, डोळे अर्धवट. घंटा मांडीवर होती, आणि तिची जीभ त्यांनी मुठीत घट्ट धरली होती, चुकूनही वाजू नये म्हणून. यंत्राचं बटण हाताच्या अंतरावर होतं, तेही दाबलं नव्हतं. सिलिंडरची तोटी कुठेतरी झिरपत होती, असं नंतर कळलं. मी यंत्र लावलं, नळी बसवली, खिडकीतून ओरडले. भाग्य म्हणजे मेकॅनिक गॅरेज बंद करून अजून तिथेच होता. त्याने बाबांना पाठुंगळी घेतलं आणि मी यंत्राऐवजी नुसती त्यांची चप्पल घेऊन जिना उतरले. गॅरेजमध्येच काम करणारा त्याचा भाऊ यंत्र घेऊन मागून धावला; विजेशिवाय ते चालत नाही हे दवाखान्यात पोचल्यावर आठवलं.

ते रेकॉर्डिंग मी पाठवलं नाही. पाठवणारही नाही. त्या शांततेत काय चाललं होतं ते मला माहीत आहे. आधीचं पाठवावं म्हणून ऐकायला बसले, पण माझं बोट बटणापर्यंत जात नाही. संगीतकारांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी आधी बाबांची चौकशी केली. मग म्हणाले, की महिनाअखेरपर्यंत थांबतो, पण आता घरी नाही, स्टुडिओतच ये. म्हणजे दोन दिवस जायला हवं. ते कसं जमणार? गेलं गाणं.

तुला घाबरवायचं नव्हतं,
भोंगा


दि. २५ फेब्रुवारी

चि. मॉनिटरला,
अ. आ.

हे पत्र थांबत थांबत लिहितोय. अक्षराला हसू नये.

धाकटीने तुला लिहिलं असेल, की बाबांनी जीव पणाला लावला. तसं काही नाही. मला मरायचं नव्हतं. हवा कमी पडतेय हे कळलं तेव्हा ती शेवटच्या कडव्यात होती. वाटलं, एवढं कडवं काढू. आयुष्यभर पोरांना श्वास रोखून धरायला शिकवलं, मला जमणार नाही? नाही जमलं. वय विसरलो.

पण तिने ते पाठवलं नाही याचा मला राग आला. दोन दिवस बोललो नाही. दमही नव्हता, हेही खरं.

आता मुद्दा. ती तुला ये म्हणणार नाही. कधीच म्हणाली नाही. मीही नाही. तू खूप विचारतेस, औषध दिलं का, काटा पाहिला का. चांगलं विचारतेस. पण मॉनिटरने हजेरी वर्गात येऊन घ्यायची असते. तुला मला असं बघायची भीती वाटते, हे मला माहीत आहे. मला पण वाटते. दोघं मिळून घाबरू. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

आशीर्वाद, उरलेल्या दमासह,
बाबा


दि. २८ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

बाबांचं पत्र मिळालं तशी निघाले आणि काल तुला धाडलं; आज तू स्टुडिओत असशील. हे पत्र तुझ्या उशीवर ठेवतेय, परत आल्यावर वाच. फोन केला असता, पण तुझा घसा आज माझ्यासाठी नाही.

बाबा ठीक आहेत. यंत्र लावलेलं, नवा सिलिंडर मेकॅनिकने स्वतः तपासलेला. सकाळी त्यांना स्पंजने पुसून घेताना मी नुसतं टिपत होते. ते म्हणाले, की मॉनिटर, मी काचेचा नाही. मग त्यांच्या खांद्यांची हाडं बघून मी रडले आणि ते दम खात हसले. परीक्षा, ताप, दरवेळी काहीतरी सांगत गेले. खोटं नव्हतं. पण तेवढ्यासाठी अडलंही नव्हतं.

दुपारी ते झोपले, माझाही खुर्चीत डोळा लागला. एकदम दचकून उठले. यंत्र बंद पडलं असं वाटलं. नव्हतं पडलं, चालू होतं. बाबांच्या छातीकडे बघत उभी राहिले. बसले, डुलकी लागली, पुन्हा तसंच उठले. किती वेळा झालं कोण जाणे. संध्याकाळी बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, की धाकटी रोज अशीच उठते, तिला वाटतं मला कळत नाही.

इतकी पत्रं लिहिलीस. मोज्यावर लिहिलंस, मेकॅनिकवर लिहिलंस. हे नाही लिहिलंस. मी पुढच्या महिन्याची रजा टाकली आहे. तू घरी आलीस की आधी झोप. मी ऐकत बसते.

तुझ्यावरचा जीव आता इथेच मुक्कामाला,
ताई