हिरव्या नळ्यांची झडती

तीर्थरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल, दाजींचा गुडघा जिना चढू लागला असेल, आणि आपली बुटकी (गोलकीपर झाल्यापासून माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीय, पण माझ्या तोंडी तेच नाव बसलंय) रोज सकाळी उठून उड्या मारत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. चष्म्याचं दुकान चाललंय. तुझी भावजय चार दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात कमालीची शांतता आहे. त्याचं कारण शेवटी सांगेन, आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

पुढच्या रविवारी बुटकीचा संघ आमच्या मैदानावर आमच्याच संघाशी अंतिम सामना खेळायला येतोय, हे तुला माहीत आहेच. माहीत नाही ते असं, की आमच्या समर्थक मंडळाने (ज्याचा मी बावीस वर्षं सभासद आहे, आणि ज्याचा ढोल दोनदा माझ्या हातून फाटलाय) या खेपेला दीडशे लेझर मागवलेत. दिसायला पेनाएवढी नळी, पण बटण दाबलं की हिरवा किरण थेट रस्त्यापलीकडच्या भिंतीवर. बेत असा, की पेनल्टी मिळाली की दीडशे जणांनी एकदम तो समोरच्या गोलकीपरच्या डोळ्यांवर धरायचा. म्हणजे आपल्या बुटकीच्या. ताई, मी हे होऊ देणार नाही. मला मंडळातून काढून टाकलं तरी चालेल.

तू म्हणशील, दिव्याने काय होतंय! नळीवरच्या कागदावरही 'सौम्य' असंच छापलंय. मी एक नळी भिंगांच्या कारखान्यात नेऊन मोजून घेतली, तर ताकद छापलेल्या आकड्याच्या साठपट निघाली. असला किरण डोळ्यात शिरला, की डोळ्याचं भिंगच तो गोळा करून मागच्या पडद्यावर एका ठिपक्यात नेऊन ठेवतं, आणि पापणी मिटेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. मी तीस वर्षं लोकांचे नंबर काढतोय, पण पडद्याला पडलेल्या भोकाला नंबर नसतो. कुठलीही काच लावा, ते तिथेच राहतं.

हे सगळं पटवायला मी रविवारच्या सभेत प्रात्यक्षिक ठेवलं. एक काळा फुगा फुगवला, करंडकांच्या कपाटासमोर टांगला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून त्यावर किरण धरला. दोन मोजायच्या आत फट्! माझा अंदाज होता की आता सगळ्यांची दातखीळ बसेल. पण टाळ्या पडल्या. ढोलवाला ओरडला, "आणखी एक होऊन जाऊ दे!" बेकरीवाल्याने दोन फुगे एकामागे एक ठेवले तर दोन्ही फुटतील का, अशी चौकशी केली. मी घसा ताणून सांगत होतो की गर्दीत कोपराला नुसता धक्का लागला तर हाच किरण आपल्याच माणसाच्या डोळ्यात जाईल. त्यावर सेक्रेटरी (हा केस कापतो, त्यामुळे निदान त्याला तरी धारेची भीती असेल अशी माझी समजूत होती) म्हणाला, "आपल्याकडे शिस्तीत बसतात सगळे." हे तो बाकावरून ढकलला जात असताना म्हणाला. सभेच्या शेवटी दीडशेचे दोनशे झाले. वर कुणीतरी म्हणालं, "मामाला भाचीचा पुळका आलाय." ताई, ते मला फार लागलं.

मग मैदानाच्या व्यवस्थापकाकडे गेलो. त्याच्याकडे फाटकावर अडवायच्या वस्तूंची यादी आहे: बाटल्या, छत्र्या, काठ्या. लेझर घालायला सांगितलं, तर म्हणाला यादीवर प्लास्टिक चढवून झालंय. मात्र मी स्वतः फाटकाशी उभं राहून लोकांना विनंती करायला त्याची हरकत नाही. म्हणून काल सराव सामन्याला फ्रेमांचं रिकामं खोकं घेऊन दोन तास उभा राहिलो. जमा झालं ते असं: तीन तिकिटं, च्युइंगमची चांदी, आणि एक चष्मा, 'दांडी बदलून ठेवा, सोमवारी येतो' अशा चिठ्ठीसह. पण रविवारीही मी तिथे उभा राहणार म्हणजे राहणार.

बुटकीला सांग, हिरवं काही चमकलं तर ते कुठून येतंय हे बघायला जायचं नाही. मान फिरवायची, हात वर करायचा आणि पंचांना खेळ थांबवायला लावायचा. गोल झाला तर झाला.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. भावजयीच्या अबोल्याचं कारण. फुगा फुटल्यावर किरण मागच्या कपाटाच्या काचेवर आपटून माझ्याकडेच परत आला. तेव्हापासून डाव्या डोळ्याने तक्त्यावरचं जे अक्षर बघावं तेच गायब होतं. डॉक्टर म्हणतात, कमी होईल किंवा होणारही नाही. त्यांनी काढलेला पडद्याचा फोटो मी मंडळाच्या दारावर चिकटवलाय. त्याला तरी पुळका म्हणू नका, असं खाली लिहिलंय.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच. बदलीआधी तू इथे शिकवत होतीस तेव्हा अर्धं मंडळ तुझ्या वर्गात होतं. ढोलवाल्याचा भोवरा, बेकरीवाल्याची गलोल, सेक्रेटरीची शिट्टी, सगळं तूच खिशातून काढून घेतलं होतंस. अजून तुझं नाव निघालं की सेक्रेटरी सरळ बसतो. रविवारी पहिल्या गाडीने ये आणि माझ्या शेजारी उभी राहा. बोलायचं काही नाही. फक्त हात पुढे करायचा.

ता. क. शेवटचा. लेझरची कल्पना मंडळात पहिल्यांदा मीच काढली होती, मागच्या हंगामात, हसत हसत. गोलात कुणीतरी पोरगी उभी असते एवढं तेव्हा ठाऊक होतं. ती कुणाची तरी भाची असते, हे डोक्यात आलं नव्हतं. बुटकीला मीच सांगेन, सामना झाल्यावर. पण फाटकाशी आलीस की सगळ्यांत आधी माझ्या खिशात हात घाल.