आर्गनचा फुगा खाली आला

प्रिय सुमन,

तुला जाऊन तीन वर्षं झाली. इतके दिवस तुला सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आज घडलंय. तुझा फुगा खाली आला, सुमन! तुझ्याच शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, तू म्हणाली होतीस तसाच.

थांब, नीट सांगतो. अर्धवट सांगितलेलं तुला कधी चाललं नाही.

तुला ते कधी सुचलं, आठवतं? बहात्तरच्या दुष्काळानंतर आपण गाव सोडून सातपूरला आलो. मी कारखान्यात वेल्डर, तू शाळेत विज्ञान शिकवायला. आठवीच्या मुलींना अणूंचे हात, म्हणजे संयुजा, काही कळेना. कार्बनला चार, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक. मग नागपंचमीला तू त्यांना मैदानात फुगड्या घालायला लावल्यास. हात घट्ट धरलेले असले, की किती मागे झुकल्या तरी पोरी पडत नाहीत. हात सुटला, की धप्पकन जमिनीवर.

त्या संध्याकाळी तू चप्पल काढता काढताच म्हणालीस, "अहो, वजन म्हणजे हेच असेल. जोडीदार धरण्यात अणूची जेवढी ओढ खर्च होते तेवढी गेली. उरलेली पृथ्वीच्या वाट्याला."

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. मला वाटलं, हे तर कीर्तनात ऐकतो तसंच आहे. ज्याचा कुणात जीव गुंतला नाही, तो थेट देवाच्या पायाशी. तसं बोललो तर तू चिडलीस. देव्हाऱ्यात बसवू नका, तपासून बघायला सांगतेय, म्हणालीस.

आणि काय तपासायचं तेही तूच ठरवलंस. आर्गन वायूला हातच नाहीत, कुणाशी जोडी नाही, म्हणजे सगळी ओढ शिल्लक. मग आर्गनचा फुगा हवेच्या फुग्याआधी जमिनीवर यायलाच हवा.

विज्ञान प्रदर्शनात मांडते म्हणालीस, तर अभ्यासक्रमात नाही म्हणून मुख्याध्यापिकांनी नको म्हटलं. जोशी सर स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारायचे, "बाई, न्यूटन तुमच्या माहेरचा की सासरचा?" सगळे हसायचे, तूही हसायचीस. घरी आल्यावर मात्र भांडी आपटायचीस! त्यांना तिथल्या तिथे का नाही गं कधी सुनावलंस?

शेवटच्या आजारातही तुझं तेच. चूक असेल तर चूक म्हणा, पण कुणीतरी करून तरी बघा. पण तेव्हा आर्गन आणायचा कुठून?

यंदा आमच्याकडे स्टीलच्या दुधाच्या टाक्यांचं काम आलं. त्याच्या वेल्डिंगला आर्गन लागतो. सिलिंडर उतरवताना त्यावरचं नाव वाचलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले. फोरमन शिंदे बघत होता. म्हणाला, "निवृत्तीभाऊ, सिलिंडर हाय तो. पिंड नाय." त्याला सगळं सांगितलं. मालकांची परवानगी त्यानेच काढली. शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्यात, त्यांनीही प्रदर्शनात जागा दिली.

दोन सारखे फुगे घेतले. एक तोंडाने फुगवला, एकात आर्गन. सुतळीने मोजून दोन्हींचा घेर सारखा केला. रिक्षावाल्याने विचारलं, नातवाचा वाढदिवस का? हो म्हटलं. त्याला काय काय सांगणार?

फुगे सोडायला मी मुद्दाम जोशी सरांनाच स्टुलावर चढवलं. त्यांनी दोन्ही एकदम सोडले. हवेचा फुगा रमतगमत येत राहिला. तुझा सरळ खाली! पोरींनी हॉल डोक्यावर घेतला.

जोशी सर उतरले. फुगे उचलून पुन्हा चढले, पुन्हा सोडले. पुन्हा तेच. मग चष्मा पुसत म्हणाले, "निवृत्तीराव, आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून पडला. हात नाहीत म्हणून पडला, हे यावरून ठरत नाही. हेलियमलाही हात नाहीत, आणि तो तर वर जातो. बाईंनी याला काय उत्तर दिलं असतं?"

 सुमन, मला इतका आनंद झाला! न्यूटन कुठला, ते नाही विचारलं त्यांनी. तू काय म्हणाली असतीस, ते विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या म्हणण्यावर कुणी हसलं नाही, वाद घातला. मी बाहेर जाऊन पेढे आणले आणि पहिला जोशी सरांच्याच हातावर ठेवला. पेढा कशाचा, त्यांनी विचारलं. तुमच्या प्रश्नाचा, म्हटलं.

आज पहाटे, प्रदर्शनाआधी, आपल्या गंगेच्या घाटावर जाऊन आलो होतो. तुझं खरं ठरू दे, असं देवाकडे मागणार होतो. मागितलं नाही. तू रागावली असतीस.

हेलियम मुंबईला मिळतो म्हणे. दिवाळीच्या सुट्टीत आणतो. त्याच हॉलमध्ये, जोशी सरांसमोर सोडीन. वर गेला, तर वर गेला असंच सांगीन, तुझं नाव घेऊन, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. नवरा म्हणून तुझी बाजू घेणार नाही. हा माझा शब्द.

तुझाच,
निवृत्ती