देवक बसेपर्यंत फोन बंद

३ मे
लिहीन लिहीन म्हणत महिना घालवला. आधी वही सापडेना, ती सापडली तर पेन कुणी नेलेलं, मग मित्राच्या मोटरसायकलीवर फलटणला गेलो तो तिकडंच राहिलो. आता कोरेगावात, घरी. बहिणीच्या, सुमीच्या लग्नाला आलोय. दादासाठी न्हाई, हे लिहून ठेवतो.

दादानं बिनवायरचा फोन घेतलाय. आल्याचा व्यापार करतो म्हणून. जेवताना ताटाशेजारी वाटीसारखा ठेवतो. आई म्हणाली, "भाजी घे." त्यानं हात वर केला, गप्प बस म्हणून. आईला! पुण्याच्या आडत्याला मात्र, "आवं बोला की, सायेब." ते यंत्र हिसकून विहिरीत... जाऊ दे.

५ मे
मी तोंड उघडलं की फोन वाजतो. दादा म्हणतो, "थांब रं, तुझं नंतर." माझं कायम नंतरच.

संध्याकाळी दादा अंघोळीला गेलेला म्हणून फोन मी घेतला. सांगलीहून बाळूअण्णा. त्याचे वडील म्हणजे आमचे आष्ट्याचे तात्या, आजोबांचे धाकटे भाऊ. सांगलीला दवाखान्यात आहेत. "तात्यानं आज पेज घेतली. इचारत हुतं, आलं का ते भटकं घरी?"

दहावी नापास झालो तवा दादानं हाकललं, तात्यांनी ठेवून घेतलं. म्हशी धुवायला लावायचे, पण कुठं हिंडत हुतास असं कधी विचारलं नाही. आमच्या घराण्यात माणूस म्हणावं असं तेवढं एकच.

७ मे
अण्णाचा फोन. तात्या बोलत नाहीत आता. डॉक्टर म्हणतात, घरी न्या.

दादानं ऐकलं, उठला, फोन ज्यावर ठेवतात त्या खोक्याची वायर भिंतीतनं उपटली. फोन वाजला नाही तर ज्याला जेवण जात नाही, त्यानं!
"कुणी इचारलं तर लाईन बंद हाय म्हनायचं."
वहिनी म्हणाली, "आवं, पण आडत्याचा फोन?"
"मरू दे आडत्या."

मग कळलं. लग्न ११ ला. तात्या गेले तर आम्हाला दहा दिवस सुतक, म्हणजे लग्न राहिलं. दादा भटजींना विचारून आलाय. कानावर आलं नाही तोवर सुतक नाही, आणि एकदा देवक बसलं की मग कळलं तरी अडत नाही. देवक १० ला सकाळी. तोवर सगळ्या घरानं बहिरं व्हायचं.

८ मे
भांडण. मी म्हणालो, "म्हातारा जायला टेकलाय आन् तू वायर काढतोस?"
"तू कवापासनं घरचा झालास रं? सणाला तरी तोंड दावतोस का?"
"तू रोज घरात असून कुणाला दिसत न्हाईस, त्याचं काय?"
आई मध्ये पडली म्हणून हात उचलायचा राहिला. कुणाचा ते लिहीत नाही.

चौकातल्या एसटीडी बूथवरनं मीच सांगलीला लावणार होतो. चप्पल घातली. सुमी दारात आडवी. फेब्रुवारीत लग्न ठरलेलं, भावकीतली एक म्हातारी गेली, लगेच फोन, लग्न पुढं. आई म्हणते, पूर्वी मयताचं कार्ड यायचं, तोवर लग्न उरकून पोरगी नांदायला गेलेली असायची. आता पुन्हा ढकललं तर दुसरी मुलगी बघू, असं नवऱ्यामुलाच्या मामानं तोंडावर सांगितलंय.
सुमी म्हणाली, "बूथवर गेलास तर माझ्या लग्नाला थांबू नगंस."
"आन् तात्या?"
"तात्यांची मीबी नातच हाय. जा, हळद दळून आन."

गेलो. गिरणीत गर्दी, शेजारी कॅरम चाललेला, दोन डाव खेळलो. तोवर गिरणी बंद. शिव्या खाल्ल्या. लय.

९ मे
जेवताना दादाचे दोन्ही हात मोकळे. काय करावं त्याला कळेना, मीठच इकडून तिकडं सरकवत होता. आईनं वाढलं तर वर बघितलं. सुमीला म्हणाला, "सासरी फोन हाय न्हवं?"
"असला तरी तुला करनार न्हाई."
झकास!

हात धुताना मला म्हणाला, "तात्या तुला जास्त जवळचं. मला म्हाईत हाय."
"मग लाव वायर."
"उद्या देवक बसू दे, लगेच लावतो."
लाव की. उचलायला तिकडं कोण असेल तर.

१० मे, सकाळ
भटजी आलेत. चौरंग मांडलाय. देवकाच्या डहाळ्या आणायला गेलेला माणूस आत्ता कुठं आला.

आणि बाळूअण्णा आलाय. आष्ट्याहून, एसटीनं, एकटा. तो लग्नाला येणार नाही हे ठरलेलंच होतं. फाटकाच्या बाहेर उभा आहे. "तुमचा फोन का लागत न्हाई?" एवढंच म्हणाला. आत या म्हटलं तरी हलत नाही. टोपी पार कानावर ओढलेली, खाली केस आहेत का नाहीत दिसत नाही.

दादानं मला ओट्यावर बसवलंय. "हितनं उठू नगं. तू गेलास की त्यो बोलंल." म्हणून बसलोय, लिहितोय. अण्णा माझ्याकडंच बघतोय. आई पाण्याचा तांब्या घेऊन फाटकाकडं निघाली. दादा आतनं भटजींवर ओरडतोय, उरका, उरका.