काटा शून्यावरच राहील

गृहस्वामिनीस सविनय निवेदन, की पुढील मजकुरात आपल्या जुन्या मोटारीची एक महत्त्वाची वार्ता कथन केली आहे.

वेगाचा काटा तिशीपुढे सरकला की "नाना, हा मेला डोळे वटारतो!" म्हणून तू भररस्त्यात ब्रेक दाबतेस. परवा आईंना आणायला तर तुला एकटीलाच जायचे आहे. यास्तव गाडीखाली शिरून गिअरबॉक्सवरून त्या काट्याला फिरवणारी केबल मी सोडवली आहे. भोकाला बूच बसवले आहे, तेल गळणार नाही. किल्ली साखरेच्या डब्यावर आहे. आज मैदानामागच्या मोकळ्या रस्त्यावर केवळ इंजिनाचा आवाज ऐकत निर्धास्त चालव. केबल संध्याकाळी पूर्ववत जोडीन.

शेजारी बसून "अगं, हळू, हळू!" ओरडणारा इसमही सोडवला असून तो पायी कामावर गेला आहे.

वाचनाची तसदी घेतल्याबद्दल आभारी,
तुझा नाना